अडगळीचे जाणकार

सिडनीच्या उत्तरेला, हॉर्न्सबीच्या बाजूला नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाची पहिली अडचण भाषेची नसते, चपलांची असते. चपला-बूट उंबऱ्याबाहेर काढायचे हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. दाराबाहेर चार जोड आडवेतिडवे पडल्याशिवाय घराला घरपण येत नाही. अशात शेजारच्या बाई घरी केलेला केक घेऊन येतात, गोड बोलतात आणि निघताना त्या जोडांकडे नजर टाकून म्हणतात, ‘सकाळी पाय घालायच्या आधी तेवढे झटकून घेत चला हं.’

धुळीसाठी नव्हे.

बुटात असू शकतो तो सिडनी फनेल-वेब कोळी. शास्त्रीय नाव अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस. काळा, तुकतुकीत, अंगाने ठेंगणा आणि स्वभावाने तापट. जगातल्या सर्वांत घातक कोळ्यांची यादी कोणीही केली तरी याचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतं. वास्तविक हा घरात राहणारा प्राणी नाही. दगडाखाली किंवा कुजक्या ओंडक्याखाली, ओलसर मातीत बीळ करायचं, आतून रेशमाचं अस्तर लावायचं, बिळाच्या तोंडाशी धाग्यांचे पाय पसरून ठेवायचे आणि धागा हलला की झडप घालायची, एवढा त्याचा संसार. मादी तर त्या बिळात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असते. तिला माणसाच्या घराशी काही देणंघेणं नाही.

भानगड सगळी नराची. वयात आला की तो बीळ सोडतो आणि स्थळं बघायला बाहेर पडतो. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे तिकडचा उन्हाळा आणि पुढचे काही आठवडे, हा त्याचा हंगाम; त्यातून पाऊस पडून गेलेला असला की उत्साहाला उधाण. हिंडायचं ते रात्री. मादीचा पत्ता लागतो किंवा लागत नाही, पण पहाट मात्र हटकून होते आणि मग त्याला घाम फुटायची वेळ येते. खरं म्हणजे घाम फुटणंही परवडत नाही, कारण या कोळ्याच्या अंगातलं पाणी फार लवकर उडतं. कोरड्या उन्हात सापडला की खलास. तेव्हा उजाडायच्या आत त्याला गारवा, ओल आणि अंधार हवा असतो, आणि जागा अशी हवी की चारी बाजूंनी अंगाला टेकेल.

आता उंबऱ्याबाहेरचा बूट आठवून पाहावा. दिवसभर पायात राहून आतून दमट झालेला, टोकाकडे निमुळता, पूर्ण काळोखी, आणि येण्याजाण्याला एकच तोंड. एखाद्या वास्तुविशारदाला फनेल-वेबसाठी बंगला काढायला सांगितला असता तर याहून वेगळं काय काढलं असतं? त्यात तो सात नंबरचा आहे, मुलाच्या शाळेचा आहे आणि पावणेआठला त्यात पाय जाणार आहे, ही माहिती त्या भटक्याला असायचं कारण नाही. त्याची नजर मुळातच कमजोर. पायांच्या केसांना जे लागेल, जे हलेल, जे ओलं वाटेल, त्यावर त्याचं सगळं जग उभं. ‘कोळी दबा धरून बसला होता’ असं चावा बसलेला माणूस सांगतो तेव्हा तो कोळ्याच्या बुद्धीचा उगाच सन्मान करत असतो. कोळी बिचारा झोपायला जागा शोधत होता.

हीच गत फरशीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलची, वाळत घालायचे राहून गेलेल्या कपड्यांची आणि गॅरेजमधल्या बागकामाच्या हातमोज्यांची. आणि पोहण्याच्या तलावाची. रात्री हिंडताना नर तलावात पडतो आणि तळाशी जाऊन बसतो. पोटावरच्या केसांत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, त्यावर तो चोवीस ते तीस तास पाण्याखाली तग धरू शकतो. घरमालक सकाळी जाळीने पानं काढायला येतो, तळाशी काळं काहीतरी निपचित दिसतं, आणि ‘मेलाय’ म्हणून तो ते हाताने उचलायला जातो. हा एक शब्द सिडनीत इस्पितळाची वाट दाखवू शकतो.

यातला खरा विनोद विषाच्या घडणीत आहे. फनेल-वेबच्या नराचं विष मादीपेक्षा कितीतरी जहाल, आणि ते बाधतं मुख्यतः माणसाला आणि माकडांना. कुत्रा, मांजर, ससा त्याला फारशी भीक घालत नाहीत. हे कोळी त्या खंडात लाखो वर्षं राहतायत आणि त्या खंडात माणूस पोचेपर्यंत एकही माकड नव्हतं. म्हणजे ज्यांना हे हत्यार इतकं नेमकं लागू पडतं, त्यांची गाठच पडलेली नव्हती. मग माणूस आला, त्याने बागेत हौसेने दगडांची रास रचली, तिला रोज पाणी घातलं आणि दाराशी बूट काढून ठेवले.

या कोळ्याच्या चाव्याने झालेल्या १३ मृत्यूंची नोंद आहे. सगळे १९८१ च्या आधीचे, कारण त्या वर्षी स्ट्रुआन सदरलँड यांनी मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये तयार केलेलं प्रतिविष वापरात आलं. ते तयार केलं सशांच्या मदतीने, म्हणजे ज्यांना या विषाचं काही वाटत नाही त्यांच्याकडूनच उतारा मागून घेतला. तेव्हापासून फनेल-वेबच्या चाव्याने मेल्याची नोंद नाही. चावा बसला तर हातापायाला घट्ट क्रेप बँडेज गुंडाळायचं, अवयव हलू द्यायचा नाही आणि इस्पितळ गाठायचं, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

त्याच शहरात राहणाऱ्या रेडबॅक या दुसऱ्या कोळ्याला मात्र हा उपाय चालत नाही. त्याच्या चाव्यावर बँडेज बांधायचं नाही, बर्फ लावायचा. एकाच घरात दोन विषारी कोळी आणि दोघांचे प्रथमोपचार उलटसुलट! त्यामुळे कोण चावलं हे कळणं महत्त्वाचं ठरतं, आणि चावणारा पाहायला थांबत नाही, किंवा चावून घेणारा.

रेडबॅक मादी वाटाण्याएवढी, काळीभोर, पाठीवर लाल पट्टा. नर तिच्या मानाने इतका किरकोळ की लग्नाच्या वेळी उलटी कोलांटी मारून तो स्वतःहून तिच्या तोंडात जाऊन पडतो; त्या समारंभाचं वर्णन इथे नको. स्वभावाने ती फनेल-वेबच्या अगदी उलट. भटकणं नाही, भांडणं नाही. एकदा बिऱ्हाड थाटलं की हलायचं नाव नाही. आणि जागा निवडताना तिचं गणित पक्कं असतं. तिच्या जाळ्याला दोन मजले लागतात. वरती आडोशाला लपायची गुंतागुंतीची खोली आणि तिथून खाली जमिनीपर्यंत ताणलेले चिकट धागे. खालून मुंगी, झुरळ किंवा भुंगेरा चालत गेला, धाग्याला चिकटला, की धागा तुटतो आणि भक्ष्य झोका घेत वर येतं. कधीकधी छोटी पालसुद्धा. तेव्हा वर छप्पर, खाली जमीन, मधे वितभर अंतर आणि खालून कीटकांची बारमाही वर्दळ, एवढं असलं की बाईसाहेब खूश. जागा कोरडी असेल तर सोन्याहून पिवळं.

माणूस घराभोवती नेमक्या अशाच वस्तू मांडतो. अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची, कुंडीचा काठ, टपालपेटी, जुना टायर, भिंतीला टेकवलेला पत्रा, मुलांनी टाकून दिलेली तीनचाकी सायकल, खुंटीला उलटं टांगलेलं हेल्मेट. वर पुन्हा पोर्चमध्ये रात्रभर दिवा, म्हणजे किडे जमायला आमंत्रणच. रानात रेडबॅक शोधायला गेलं तर हिंडावं लागतं. उपनगरात खुर्ची उलटी केली तरी पुरतं. ऑस्ट्रेलियात शहरं वाढली तशी ही वाढली, आणि याबद्दल तिने कुठल्याही बिल्डरचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही.

पण तिची सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे परसातला संडास. घरापासून लांब, फळकुटांचा, आत अंधार, बैठकीच्या लाकडाखाली कोरडा आडोसा आणि खालून माश्यांचा न संपणारा पुरवठा. या जागेत उणं काढायला काही नाही. दिवसातून एक-दोनदा कोणीतरी येऊन छपराचं भोक बंद करतं, थोडा वेळ अंधार वाढतो आणि पुन्हा उजाडतं, एवढाच व्यत्यय. बसणाऱ्याच्या शरीराचा जो भाग धाग्याला लागतो तो मादीला भुंगेऱ्यापेक्षा वेगळा वाटण्याचं कारण नाही. १९७२ साली स्लिम न्यूटन या गायकाचं संडासाच्या बैठकीवरच्या रेडबॅकचं गाणं ऑस्ट्रेलियात धो धो चाललं. अख्खा देश ज्यावर हसतो, त्यामागे देशव्यापी अनुभव असावा लागतो. अमेरिकेतही तेच. रेडबॅकची चुलत बहीण ब्लॅक विडो हिच्या चाव्यांचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे वैद्यकीय अहवाल वाचले तर रुग्ण बहुतेक पुरुष, स्थळ परसातला संडास आणि चाव्याची जागा डॉक्टरांनी लॅटिनमध्ये लिहिलेली.

पुढे घराघरांत नळ आले, संडास आत आले, आणि रेडबॅकची ती पिढीजात वहिवाट बुडाली. पूर्ण नाही. २०१६ मध्ये सिडनीत बांधकामावर काम करणाऱ्या एका तरुणाला तात्पुरत्या संडासात नको त्या जागी कोळी चावला. बातमी जगभर गेली. पाचएक महिन्यांनी त्याच तरुणाला, तशाच संडासात, त्याच जागी पुन्हा चावला. दुसऱ्या वेळी बातमी पहिल्यापेक्षा मोठी आली. प्रतिविष १९५६ पासून उपलब्ध असल्याने जीव वाचतो. सहकाऱ्यांच्या विनोदांवर अजून उतारा निघालेला नाही.

रेडबॅकला परदेशवारीचीही सवय आहे. १९९५ मध्ये ती जपानात ओसाकाजवळ सापडली. मालवाहतुकीतून गेली असावी असा कयास, आणि कंटेनरच्या कोपऱ्यात बसून समुद्र ओलांडणं तिला जमण्यासारखं आहेच. स्वच्छतेबद्दल जगाने ज्यांचा हेवा करावा अशा त्या देशात ती राहणार कुठे, अशी शंका येते. ती राहिली रस्त्याकडेच्या गटारांच्या झाकणांखाली आणि शीतपेयांच्या यंत्रांखाली. जपानी माणूस रस्ता झाडतो, पण यंत्र उचलून खालून पुसत नाही. कुठलाच माणूस पुसत नाही. कोळ्यांचा सगळा व्यवहार या एका गोष्टीवर चालतो.

याचा सज्जड पुरावा कॅन्ससमध्ये मिळाला. अमेरिकेतल्या त्या राज्यात लेनेक्सा गावी एक जुनं घर आहे, चार माणसांचं कुटुंब. २००१ मध्ये त्या घरात सहा महिने कोळी गोळा करण्याची मोहीम झाली. हाताला लागतील तेवढे पकडायचे, चिकट सापळ्यात अडकतील तेवढे मोजायचे. मिळाले २,०५५ ब्राउन रेक्लूस. हा तोच तपकिरी कोळी, ज्याच्या चाव्याने कातडी सडते म्हणून अमेरिकेत त्याचं नाव घेतलं तरी लोक पाय वर घेतात. त्यातले चारशेच्या वर तर अंगाने पुरेसे वाढलेले, चावले तर इंगा दाखवतील असे. कुटुंब तिथे काही वर्षं राहत होतं, जेवत होतं, झोपत होतं. चावे किती? शून्य.

हा अभ्यास रिक व्हेटर या कोळीशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रात काम केलेल्या या गृहस्थांची बरीच कारकीर्द एकच गोष्ट सांगण्यात गेली आहे, की जिथे रेक्लूस राहतच नाही तिथे त्याच्या चाव्याचं निदान करू नका. कॅलिफोर्नियात, फ्लोरिडात डॉक्टर दर वर्षी रेक्लूसच्या चाव्याचे रुग्ण नोंदवत आणि कोळी मात्र शोधूनही सापडत नसे. उलट कॅन्ससच्या त्या घरात कोळी दोन हजार आणि रुग्ण एकही नाही. कोळ्याला आरोपी करायचं ठरलंच असेल तर त्याची घटनास्थळी हजेरी लागत नाही, हे न्यायशास्त्राला धरून आहे की नाही ते वकिलांनी पाहावं.

व्हेटर यांनी रेक्लूसना फटी निवडायला देऊनही पाहिलं. निष्कर्ष कोणत्याही इस्टेट एजंटने भिंतीवर लावावेत असे आहेत. आडव्या फटीपेक्षा उभी फट पसंत. अंग मोठं होईल तशी मोठी फट पसंत. आणि कोऱ्या जागेपेक्षा, जिथे आधी कोणी जातभाई राहून रेशीम सोडून गेलाय ती जागा पसंत. नवीन बांधकामाचा सोस नाही, जुनी वहिवाटीची खोली बरी. रानात हा कोळी झाडाच्या सुटलेल्या सालीखाली राहतो. माणसाच्या घरात सालीच्या सर्वांत जवळची चीज म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं: सुकं, खरबरीत, पदराला पदर लागलेलं आणि वर झाकण. त्यातून माणूस त्या खोक्यावर ‘महत्त्वाचे कागद’ असं लिहितो, म्हणजे पुढची पंधरा वर्षं ते कोणी उघडणार नाही याची लेखी हमी. रेक्लूस बरेच महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे माळ्यावर रोज जेवण येत नाही याचंही त्याला दुःख नाही.

चावे बसतात ते माणूस अचानक कामाला लागतो तेव्हा. वर्षभर खुंटीला लोंबणारा कोट अंगात चढतो, पाहुण्यांसाठी ठेवलेली गादी खाली येते. रेक्लूसचे दात इतके लहान की जाड कापडातून ते जातही नाहीत. कातडी आणि कापड यांच्यात तो चेंगरला, की मग मात्र नाइलाज होतो. आळशी माणूस या बाबतीत सर्वांत सुरक्षित असतो, असा एक निष्कर्ष निघतो, तो घरात फार मोठ्याने वाचू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाने एव्हाना घड्याळामागे नजर टाकली असेल. टाकायला हरकत नाही. कोकणातल्या घरांत भिंतीवरच्या घड्याळामागून किंवा देवाच्या तसबिरीमागून तळहाताएवढा करडा कोळी रात्री बाहेर येतो, तो हंट्समन कुळातला. पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, म्हणून इतका मोठा असूनही कागदाच्या घडीएवढ्या फटीत सपाट होऊन बसतो. मादी तर पोटाखाली अंड्यांची पांढरी चपटी थैली रुपयासारखी धरून हिंडते, कोणी हाकललं तरी ती सोडत नाही. झुरळं खाते, भाडं मागत नाही. याच्याच ऑस्ट्रेलियन भावांना मोटारीतल्या उन्हाच्या झडपेमागे बसायला आवडतं. चालक डोळ्यांवर ऊन आलं म्हणून झडप खाली करतो, हंट्समन मांडीवर उतरतो आणि गाडी गटारात. विषाने काही झालेलं नसतं, पण पोलिसांना कारण लिहावं लागतं. माणसाची भीती आकारावर ठरते, आणि जो खरा घातक तो वाटाण्याएवढा होऊन खुर्चीखाली बसलेला असतो.

मोटारीचा विषय निघालाच आहे तर माझदाचं प्रकरण सांगायला हवं. २०११ मध्ये या कंपनीला उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५,००० माझदा-६ गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण पिवळ्या सॅक कोळ्यांनी पेट्रोल टाकीच्या वायूनळीत जाळी केली होती. नळी तुंबली तर टाकीवर ताण येऊन ती तडकण्याचा धोका. या कोळ्याला पेट्रोलच्या वासाची ओढ असावी असं बोललं गेलं. कंपनीच्या अभियंत्यांनी नळीत स्प्रिंग बसवली, म्हणजे कोळी आत शिरणार नाही. कोळ्यांनी स्प्रिंगचा अभ्यास केला आणि २०१४ मध्ये ४२,००० गाड्या पुन्हा परत आल्या. या खेपेस अभियंत्यांनी कोळ्यांना अडवण्याचा नाद सोडून गाडीचं सॉफ्टवेअर बदललं.

विद्येच्या घरीही यांचा वावर आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत मिशिगन विद्यापीठाने शापिरो ग्रंथालय दोन दिवस बंद ठेवलं, कारण तळघरात भूमध्य रेक्लूस सापडले. किती? तीन. नंतर विद्यापीठानेच कबूल केलं की गैरसमजातून हे झालं, बंद ठेवायची गरज नव्हती. हेलसिंकीतल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने याहून मोठं मन दाखवलं. रेक्लूस कुळातला चिलीचा एक जबर विषारी कोळी तिथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून राहतो आहे. बाहेर फिनलंडचा हिवाळा, त्यात तो एक रात्र काढणार नाही. आत गरम पाण्याच्या नळ्या, कपाटं आणि पेट्यांच्या उतरंडी. संग्रहालयात टाचणीने टोचलेले कोळी आणि टाचणीशिवायचे कोळी असे दोन्ही नांदतात, कर्मचारी कामावर येतात, आणि कोणाचं कोणावाचून अडत नाही.

सिडनीच्या उत्तरेला गॉस्फर्डजवळ ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे. फनेल-वेबचं प्रतिविष करायला फनेल-वेबचंच विष लागतं, तेव्हा पार्क दर उन्हाळ्यात लोकांना आवाहन करतं की नर सापडला तर मारू नका, आणून द्या. फनेल-वेबला गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, त्यामुळे काचेची बरणी आडवी धरायची, लांब काठीने त्याला आत ढकलायचं, थोडी ओली माती टाकायची आणि झाकणाला भोकं पाडून जवळच्या केंद्रावर नेऊन द्यायचं. लोक खरोखर नेतात. मांडीवर बरणी घेऊन बसलेला माणूस सिडनीत लोणचं घेऊन निघालेला असेलच असं नाही. २०२४ च्या जानेवारीत असाच एक नर आला, पायांसकट ७.९ सेंटिमीटर, त्याचं नाव ठेवलं हर्क्युलिस. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांनी सिडनी फनेल-वेब ही एक जात नसून तीन आहेत असं दाखवून दिलं, आणि त्यातल्या न्यूकॅसलकडच्या धिप्पाड जातीला लोक ‘बिग बॉय’ म्हणतात. पार्कात या नरांना वेगवेगळे डबे मिळतात. अंधार, ओल, नेमकं तापमान, खायला किडे आणि कोणाचा बूट अंगावर येण्याची धास्ती नाही. रात्रभर वणवण करून जी जागा शोधत होते ती अखेर मिळाली. भाडं तेवढं विषात द्यावं लागतं: अधूनमधून कोणीतरी डब्याचं झाकण उघडतं, काचेच्या नळीने डिवचतं, आणि पुढचे पाय उभारून संतापलेल्या भाडेकरूच्या दाताच्या टोकाशी आलेला थेंब ओढून घेऊन जातं.